धीर चेपताना

आमच्या संध्याकाळच्या वर्गात प्रश्न विचारायची एक रीत पडून गेली आहे. आधी घसा खाकरायचा, मग म्हणायचं, "माफ करा हं, प्रश्न जरा बावळटपणाचाच आहे," आणि मग नेमका तोच प्रश्न विचारायचा जो वर्गातल्या निम्म्या लोकांच्या मनात असतो. विचारणारी बाई दिवसा पंधरा माणसांच्या पाळ्या लावत असेल, विचारणारा गृहस्थ बिघडलेलं यंत्र नुसत्या आवाजावरून ओळखत असेल. पण समोर वही आली की पहिलं वाक्य माफीचं.

मी या वर्गात शिकवत नाही. शिकवणारे वेगळे आहेत. मी आठवड्यातून दोनदा मागच्या टेबलाशी बसते आणि ज्याचं जिथे अडतं तिथे त्याच्या शेजारी जाऊन बसते. या कामाला एक भारदस्त नाव आहे, ते मी वापरत नाही. माझी पात्रता एवढीच, की मी एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडलं आणि बेचाळिसाव्या वर्षी परत आले.

परत आले तेव्हा अर्जात 'शिक्षणातील खंड व त्याचे कारण' असा रकाना होता. कारणासाठी एक ओळ. तेवीस वर्षं आणि एक ओळ. त्या वर्षांत मी नोकरी केली, घर चालवलं, दोघांना वाढवलं, एका माणसाचं शेवटचं आजारपण काढलं. मी लिहिलं, 'वैयक्तिक'. आता वाटतं, माझी पहिली माफी त्या रकान्यातच मागून झाली होती.

पहिला आठवडा अभ्यासात गेलाच नाही. पासवर्ड, पीडीएफ, 'फाइल फार मोठी आहे' अशी लाल अक्षरातली तक्रार. शेजारची वीस वर्षांची मुलगी हे सगळं एका अंगठ्याने करत होती. माझी धडपड बघून तिने फोन माझ्या हातातून घेतला, तीन सेकंदांत काम उरकलं आणि हसून परत दिला. हेतू चांगलाच होता तिचा. पण मला काही कळलं नव्हतं आणि आता पुन्हा विचारायची सोयही उरली नव्हती. (मागच्या टेबलावर आज माझा एकच कडक नियम आहे: समोरच्याच्या फोनला किंवा लॅपटॉपला हात लावायचा नाही. बोट दाखवायचं, दाबायचं त्यांनी.)

पहिला निबंध आठशे शब्दांचा होता. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी टेबल आवरलं. दुसऱ्या रविवारी चार वेळा सुरुवात केली आणि चारही खोडल्या. तिसऱ्या रविवारी रात्री अकरा वाजता जे सुचलं ते लिहून टाकलं आणि झोपताना वाटलं, आपल्याला चुकून प्रवेश मिळालाय, हे आता यांच्या लक्षात येणार.

या भावनेला नाव आहे, 'इम्पोस्टर फेनॉमेनन', म्हणजे आपण तोतये आहोत असं वाटत राहणं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांबरोबरच्या आपल्या कामातून ती मांडली. पदव्या आहेत, मान आहे, तरी आपण सगळ्यांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडू, ही धास्ती. नाव मिळालं की बरं वाटतं, हे खरं. पण परत शिकायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "ही फक्त भावना आहे हो, तुम्हाला सगळं येतं" असं कुणी म्हटलं की मी अस्वस्थ होते. कारण त्या अभ्यासातल्या स्त्रियांना खरंच येत होतं. आमच्याकडे आलेल्या माणसाला कधी कधी खरंच येत नसतं. अपूर्णांक राहून गेलेले असतात. परिच्छेद कुठे तोडायचा हे कुणी सांगितलेलंच नसतं. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्याला आत्मविश्वासाची नाही, अपूर्णांकांची गरज असते. आणि त्याला 'तुम्ही हुशारच आहात' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला 'तुमचा घसा चांगला आहे' म्हणण्यासारखं.

अपूर्णांकांवरून आठवलं. एक गृहस्थ होते, बावन्न वर्षांचे, यंत्रदुरुस्तीत उभी हयात गेलेली. लिहिताना डावा हात वहीभोवती कुंपणासारखा ठेवायचे. लहान मुलं ठेवतात तसा. पण मुलांना शेजाऱ्याने उतरवून घेण्याची भीती असते, यांना कुणी बघण्याची होती. महिनाभराने एकदा सहज सांगितलं त्यांनी. अकरा वर्षांचे असताना फळ्यावर एक गणित घातलं होतं आणि ते येईपर्यंत उभं राहायचं होतं. आलं नाही. तास संपेपर्यंत पाठीमागून हसण्याचा आवाज येत राहिला. मी विचारलं, "गणित कोणतं होतं?" त्यांना पाठ होतं. तीन चतुर्थांश भागिले दोन. एक्केचाळीस वर्षं त्यांनी ते गणित जपून ठेवलं होतं आणि एकदाही सोडवलं नव्हतं.

मला काही शहाणपणाचं सुचलं नाही. मी म्हटलं, "पाऊण इंचाचा गज आहे, त्याची निम्मी जाडी किती?" ते म्हणाले, "पाऊण म्हणजे सहा सूत. निम्मी तीन सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी कागदावर लिहिलं, तीन अष्टमांश, आणि तो कागद त्यांच्या गणिताशेजारी ठेवला.

अशा वेळी गोष्टींमध्ये माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्या आलं नाही. ते कागदाकडे बघत राहिले, म्हणाले, "एवढंच होतं?" आणि मग त्यांना राग आला. चांगलाच आला. खुर्ची सरकवून ते बाहेर गेले आणि पुढचा आठवडा फिरकलेच नाहीत. मला वाटलं, मीच घोळ घातला. त्यानंतरच्या आठवड्यात आले तेव्हा डावा हात वहीभोवती होताच, पण भागाकाराच्या पानावर नव्हता.

त्या रागाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. आपण मोठ्या माणसाला शिकायला बोलावतो तेव्हा धरून चालतो की नवं कळलं की आनंदच होईल. पण एवढं सोपं होतं तर मग इतकी वर्षं का गेली, हा हिशेबही त्याच क्षणी समोर येतो. त्याला जागा द्यावी लागते. लगेच "उशीर कधीच होत नाही" म्हणून त्यावर पांघरूण घालू नये. उशीर झालेला असतो. ज्याचा झालाय त्याला तो माहीत असतो.

*

"या वयात डोक्यात शिरत नाही हो." हे वाक्य मी पहिल्या दोन आठवड्यांत इतक्यांदा ऐकते, की हजेरीबरोबर त्याचीही नोंद ठेवता येईल. पस्तिशीची माणसंसुद्धा म्हणतात.

यातलं खरं किती? थोडं आहे. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी १९६० च्या दशकात बुद्धीचे दोन प्रवाह वेगळे करून दाखवले. एक, अगदी नव्या, अनोळखी कोड्याशी झटपट झुंजण्याची क्षमता. ती तरुणपणी जोरात असते आणि पुढे हळूहळू उतरते. दुसरी, अनुभवातून आणि भाषेतून साचत जाणारी समज. ती प्रौढ वयातही पुष्कळ काळ टिकते, वाढतेही. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलमध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं, आणि वेगवेगळ्या क्षमता वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या गतीने बदलतात हेच दिसत राहिलं. शब्दसंपत्तीसारखी गोष्ट उतारवयापर्यंत तग धरते; वेग मात्र लवकर मंदावतो. तेव्हा वीस वर्षांच्या मुलापेक्षा तुम्हाला वेळ जास्त लागेल, हे मी कुणापासून लपवत नाही. पण त्या मुलाच्या डोक्यात 'सहा सूत' नसतात, हेही सांगते.

आणि विसरलेलं सगळं गेलेलं नसतं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करायच्या, विसरू द्यायच्या आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजायचं. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. विसरण्याचा त्याचा आलेख सगळ्यांना ठाऊक असतो. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त उपयोगाची वाटते. जे आता अजिबात आठवत नाही असं वाटतं, तेही दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ घेतं. म्हणजे आत कुठेतरी पायवाट असते, गवत वाढलेली. एका बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग माझ्या गवतात साप पण असतील." सगळे हसले. साप म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता स्मरणशक्तीच्या नावाने जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं पद्धतीचं दुखणं असतं. माणसं धडा वाचतात, पिवळ्या हायलायटरने रंगवतात, पुन्हा वाचतात, पुन्हा रंगवतात. सहाव्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं. पुस्तक मिटलं की काहीच आठवत नाही. निष्कर्ष तयार: वय झालं. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक साधा प्रयोग मी अशा वेळी सांगते. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. ही विशीतली मुलं होती. म्हणजे सहा वेळा वाचून न आठवणं हे वयाचं लक्षण नव्हे, वाचत बसण्याचं लक्षण आहे.

हे कळल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही प्रोत्साहनपर भाषणाने पडत नाही. 'माझ्यात खोट आहे' पासून 'माझी पद्धत चुकत होती' पर्यंत येणं हे फार मोठं अंतर आहे. पद्धत बदलता येते. फक्त एक अडचण: पुस्तक मिटून आठवायला बसलं की आपल्याला किती कमी येतं ते लख्ख दिसतं आणि ते पहिल्या आठवड्यात झोंबतं. म्हणून मी आधी पूर्ण धडा घ्यायला लावत नाही. एक पान. त्यातल्या तीन गोष्टी. दोन आठवल्या तरी पुढे जायचं.

*

आमच्याकडे एक बाई होत्या ज्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. पुस्तकं कामाच्या ठिकाणच्या खणात. वर्गाच्या दिवशी घरी उशीर झाला की 'काम होतं'. एका अर्थी खोटं नव्हतंच ते. मी विचारलं, विरोध होईल का? "नाही हो, उलट सगळ्यांना आनंदच होईल," त्या म्हणाल्या, "आणि मग नापास झाले तर सगळ्यांना वाईट वाटेल." साक्षीदारांसमोर पडायचं नव्हतं त्यांना.

तेव्हापासून मी "घरचा पाठिंबा आहे ना?" असं विचारणं सोडलं. पाठिंबा हा शब्द फार ढगळ आहे. त्याऐवजी विचारते, "या आठवड्यात अभ्यासाला कधी बसलात, आणि कुठे?" उत्तरं फार बोलकी असतात. बाथरूमच्या दाराशी, कारण तिथे कुणी हाक मारत नाही. पहाटे साडेचारला. गाडीत, घरासमोर उभी करून, वर जायच्या आधी वीस मिनिटं. यातून जे कळतं त्यावर काहीतरी करता येतं: वीस मिनिटांत होईल एवढा तुकडा निवडता येतो, पहाटे साडेचारवाल्याला सांगता येतं की झोप मोडून केलेला अभ्यास फारसा टिकत नाही. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. ती अभ्यासातली चोरी नाही, अभ्यासाचाच भाग आहे. हे पटायला मला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

वर्तमानपत्रांना वयस्कर विद्यार्थी फार आवडतात. केनियाचे किमानी मारुगे २००४ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांचे असताना, गणवेश घालून पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. त्यांचा फोटो जगभर फिरला. बातम्यांत शब्द होते जिद्द, इच्छाशक्ती, वय हा केवळ आकडा. त्यांची जिद्द मोठीच होती, त्यात वाद नाही. पण त्या गोष्टीतलं एक साधं वाक्य मला जास्त बोलकं वाटतं: केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी माफ केली होती. इच्छा जुनीच असावी, दार तेव्हा उघडलं. कुणी परत शिकायला आलं नाही तर आपण पटकन म्हणतो, आत्मविश्वास नव्हता. त्याआधी वर्गाची वेळ काय होती, फी किती होती, मुलाला कुठे ठेवायचं होतं, हे विचारून घ्यावं. जे वेळापत्रकात दुरुस्त करता येतं ते माणसाच्या स्वभावात कशाला शोधायचं?

शिवाय चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रमवीर बघून आमच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईंना धीर येत नाही. त्यांना धीर येतो तो गेल्या वर्षी त्याच खुर्चीत बसून रडलेल्या आणि यंदा दुसऱ्या वर्षाला गेलेल्या बाईंकडे बघून. म्हणून मी गेल्या वर्षीच्यांना बोलावते आणि एकच अट घालते: यशाची गोष्ट सांगायची नाही, पहिल्या तीन महिन्यांत काय फसलं ते सांगायचं. एकाने पहिल्या निबंधाला मिळालेले गुण फळ्यावर लिहिले होते. वर्गात जी शांतता पसरली ती मी कधी विसरणार नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "माझे याच्यापेक्षा दोन जास्त आहेत."

*

आपल्या भाषेत आत्मविश्वास हा शब्द तसा परका वाटतो मला, पुस्तकी. बोलताना आपण म्हणतो धीर. धीर येतो, धीर खचतो, कुणी धीर देतं. आणि एक क्रियापद आहे जे मला सगळ्यांत नेमकं वाटतं: धीर चेपतो. पहिल्यांदा विहिरीत उतरताना नसतो, दहाव्यांदा असतो. मधे कुणी काही दिलेलं नसतं, उतरणं घडलेलं असतं. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः करून आलेलं यश, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, दुसऱ्याने शब्दांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यातला पहिला सगळ्यांत बळकट. शब्दांचा धीर त्यामानाने कमजोर, कारण एका वाईट अनुभवाने तो उडून जातो. आपलं क्रियापद हे आधीपासून जाणून होतं, असं म्हणायचा मोह मी आवरत नाही.

शरीराच्या अवस्थेबद्दल थोडंच सांगते. परीक्षेआधी हात थरथरणं, पोटात गोळा, वाचलेली ओळ डोळ्यांपुढून पुसली जाणं. काळजी ही डोक्यातली तीच जागा अडवते जिथे आकडेमोड करायची असते, म्हणून येत असलेलंही त्या वेळी येत नाही. २०११ मध्ये एका प्रयोगात असं दिसलं होतं, की परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या घाबऱ्या विद्यार्थ्यांना गुण चांगले पडले. फार गाजला तो. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो काळजीपूर्वक पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. मी अजूनही ज्यांना हवं त्यांना लिहू देते. पण गुण वाढतील असं आता सांगत नाही. हात चालू होतो, एवढं सांगते. घाबरलेला माणूस आपल्या शब्दाला फार घट्ट धरून असतो. तो शब्द खोटा निघता कामा नये.

आणि इथेच माझी स्वतःची चूक सांगायला हवी.

सुरुवातीची दोन वर्षं मी सगळ्यांना 'छान' म्हणत असे. वहीच्या कोपऱ्यात 'छान!', गणित चुकलं तर 'छान प्रयत्न!', फारच चुकलं तर 'मस्त, असंच चालू ठेवा'. मला वाटायचं, या लोकांना आयुष्यभर टोमणे मिळालेत, आता थोडं कौतुक मिळू दे. कौतुक आणि दाद यांतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. कौतुक आपण लहानांचं करतो, पहिलं पाऊल टाकलं म्हणून. दाद बरोबरीच्याला देतात आणि ती नेमक्या जागेला असते. मैफलीत गाणारा एखादी अवघड जागा घेतो तेव्हा जाणकाराच्या तोंडून 'वा' निघतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माना डोलावणाऱ्याकडे तो बघतही नाही.

क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र आढावा घेतला होता. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो; पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा तो उलटा पडला होता, कामगिरी खालावली होती. त्यांच्या मते लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' या प्रश्नाकडे गेलं की असं घडण्याचा धोका असतो. टोमणा हेच करतो. पोकळ स्तुतीही हेच करते. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ पासून तिथे पूर्वीच्या कुठल्याही पात्रतेशिवाय हजारो प्रौढ शिकू लागले, बहुतेक घरूनच. त्यांच्यासाठी शिक्षकाने उत्तरपत्रिकेच्या समासात काय लिहिलं तेच अर्धं शिकवणं होतं. समासात नुसतं 'छान' लिहिलं असतं तर त्या दिवशीचा वर्ग भरलाच नाही, असं म्हणावं लागलं असतं.

हे सगळं मी एका वहीनंतर वाचलं.

अडतीस वर्षांच्या एक बाई होत्या. वह्यांना कव्हर घालून आणायच्या, कडा दुमडून, चिकटपट्टी न वापरता. प्रश्न कधी विचारत नसत, त्यामुळे माफीही मागत नसत. मी त्याला धीटपणा समजले. बीजगणिताची वही दर आठवड्याला तपासायला माझ्या टेबलावर ठेवून जायच्या. सहाव्या आठवड्यात मी कामात होते, वही उघडलीच नाही. सातव्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. आठव्यालाही नाही. मी निरोप पाठवला, "का येत नाही? सगळं ठीक ना? काळजी वाटते." आज मी असा निरोप पाठवणार नाही. गैरहजर माणसाला आधीच त्या गैरहजेरीची लाज चढलेली असते, त्यावर 'का' विचारलं की उत्तर द्यायचं ओझं वाढतं. आज मी लिहिते, "आपण पान ४१ पर्यंत आलोय. टिपणं ठेवली आहेत. गुरुवारी सहाला असेन." त्याला उत्तर लागत नाही. नुसतं यायचं असतं.

त्यांचं उत्तर आलं नाही. महिन्याने खण आवरताना वही हाताला लागली. पानोपानी माझं लाल शाईतलं छान, छान, छान. शेवटून दुसऱ्या पानावर एक समीकरण चुकलं होतं, शेजारी माझं 'छान प्रयत्न!' आणि त्याच्या खाली पेन्सिलीने, इतकं बारीक की आधी डाग वाटला, लिहिलं होतं:

"नक्की काय छान?"

ते एकच वाक्य माफीशिवाय विचारलं होतं त्यांनी. आणि ते विचारून वही माझ्याच टेबलावर आणून ठेवली होती.

मी परत दोनदा निरोप पाठवला, नंतर तो क्रमांक बंद झाला. त्यांच्या ओळीखाली मी उत्तर लिहिलं आहे, लाल नाही, पेन्सिलीनेच: "दुसऱ्या ओळीत कंसाबाहेरचं उणे तुम्ही आतल्या दोन्ही पदांना लावलंत. बरेच जण पहिल्या पदापाशीच थांबतात. चौथ्या ओळीत पद पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं. पुढचं सगळं त्या एका चिन्हामुळे चुकलंय, रीत बरोबर आहे."

वही टेबलाच्या खालच्या खणात आहे. कव्हर त्यांनीच घातलेलं आहे, कडा अजून तशाच बसलेल्या.